एक्सेलची ट्रिमरेंज, व्हीस्टॅक आणि रेजेक्स फंक्शन्स: सोसायटीच्या हिशोबावर वापरून पाहिली

आमच्या सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशोब माझ्याकडे आहे, आणि डेटा कसा येतो ते खजिनदारकी केलेल्यांना माहितीच असेल. बारा महिन्यांच्या बारा शीट, कुठे ४० ओळी कुठे ५५, मध्येच रिकाम्या रो, फ्लॅट नंबर कोणी "ए-१०२" लिहिणार कोणी "ए/१०२", आणि बँकेच्या साइटवरून कॉपी केलं की सोबत न दिसणाऱ्या स्पेस. मायक्रोसॉफ्ट ३६५ मधल्या एक्सेलची नवीन फंक्शन्स यावर वापरतोय आणि मनापासून सांगतो, ज्यांना दर महिन्याला हे करावं लागतं त्यांच्यासाठी सबस्क्रिप्शन वसूल आहे.

सगळ्यात जास्त आवडलं ते ट्रिमरेंज, म्हणजे रेंजच्या कडेच्या रिकाम्या ओळी कापणारं फंक्शन, आणि त्याहून जास्त त्याचा शॉर्टकट, म्हणजे रेंज लिहिताना कोलनच्या पुढे फक्त एक टिंब द्यायचं. आधी काय व्हायचं, पुढे एंट्री वाढणार म्हणून रेंज ५००० ओळींपर्यंत घ्यायची आणि मग रकमेला काही गुणलं की खाली शून्यांची रांगच रांग. अख्खा कॉलम घेतला तर त्यात १०,४८,५७६ ओळी, फॉर्म्युला दुसऱ्या ओळीत टाकला की उत्तर मावत नाही म्हणून सरळ स्पिल एरर. आता 'ए२:.ए५०००' असं लिहिलं की शेवटच्या भरलेल्या सेलपाशी रेंज थांबते, नवीन एंट्री टाकली की आपोआप वाढते. टिंब कोलनच्या आधी दिलं तर वरच्या रिकाम्या ओळी जातात, दोन्हीकडे दिलं तर दोन्हीकडच्या.

पण मधल्या रिकाम्या ओळी ते काढत नाही हं, फक्त कडेच्या. आणि खाली कुठल्यातरी सेलमध्ये नुसती एक स्पेस पडलेली असेल तर ती त्याच्या लेखी भरलेली सेल, रेंज तिथपर्यंत जाणारच. मधल्यांसाठी फिल्टर लागतंच. मी बाराही शीट व्हीस्टॅकने एकाखाली एक लावतो, त्या सगळ्याला लेट फंक्शनमध्ये एक नाव देतो आणि पहिला कॉलम रिकामा नाही तेवढ्याच ओळी फिल्टर करतो, एका सेलमध्ये वर्षाचं रजिस्टर तयार. फक्त सगळ्या शीटचे कॉलम सारखे ठेवा, एखाद्यात कमी असेल तर त्या जागी एनए एरर भरून येते.

फ्लॅट नंबरसाठी रेजेक्सरिप्लेस, म्हणजे दिलेल्या पॅटर्नमध्ये बसणारी अक्षरं शोधून बदलणारं फंक्शन. आधी अप्परने सगळं कॅपिटल करायचं, मग इंग्रजी अक्षरं आणि आकडे सोडून बाकी सगळं उडवायचं, डॅश, स्लॅश, स्पेस एका फटक्यात साफ. बँकेकडून येणारी ती चिवट स्पेस साध्या ट्रिमला दाद देत नाही कारण तिचा कोड १६० असतो, ती पण यात जाते. मात्र कोणी फ्लॅट नंबर देवनागरीत टाइप केला असेल तर तोही पूर्ण उडतो, मराठी एंट्री असलेल्या शीटवर पॅटर्न बदलल्याशिवाय हे वापरू नका.

टूकॉल, म्हणजे अख्खी रेंज एका कॉलममध्ये आणणारं फंक्शन, थोडंच वापरलं, चांगलं आहे, दुसऱ्या जागी ३ दिला की रिकाम्या सेल आणि एरर दोन्ही गाळतं.

मोठी अडचण म्हणजे फाइल दुसऱ्याला पाठवणं. ज्याच्याकडे एक्सेल २०१९ आहे त्याच्याकडे यातलं एकही नवीन फंक्शन नाही, त्याने काही बदल करून पुन्हा कॅल्क्युलेट झालं की नेम एरर (फंक्शनचं नाव ओळखता आलं नाही) येते, म्हणून कमिटीला पाठवताना मी कॉपी करून पेस्ट व्हॅल्यूज केलेली, म्हणजे फॉर्म्युले नसलेली नुसत्या उत्तरांची, वेगळी शीट देतो.