पहिला चांगला नमुना कोणता घ्यावा: अपोफिलाइट, कॅव्हन्साइट की ओकेनाइट?

दगड जमवायचा नाद लागला की सुरुवातीला माणूस दिसेल ते उचलतो. मग पैसे मोजून एखादा खरा नमुना घ्यायची वेळ येते आणि तिथे बहुतेकांची गाडी अडते. माझ्याकडे येणारे नवखे लोक याच तिघांपैकी कोणता घेऊ म्हणून विचारतात. तिन्ही आपल्या काळ्या पाषाणातले. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या आणि झिरपणाऱ्या पाण्यातून त्यांत हे स्फटिक वाढले. विहीर खोदताना किंवा खडीसाठी सुरुंग लावला की त्या पोकळ्या उघडतात. बाजारात तिघांनाही सरसकट झिओलाइट (खनिजांचा एक गट) म्हणतात, पण खरं तर त्यांच्यासोबत येणारे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट हे झिओलाइट.

माझं मत आधीच सांगतो: पहिला नमुना अपोफिलाइटचाच घ्या, तोही स्टिल्बाइटवर बसलेला. जळगाव, नाशिक, पुणे या भागांतून हा माल निघतो, त्यामुळे निवडीला वाव असतो आणि हाताच्या तळव्याएवढा देखणा तुकडाही नवख्याला परवडतो. स्टिल्बाइट फिकट केशरी, मधोमध आवळलेल्या पेंढीसारखा, आणि त्यावर काचेसारखे स्वच्छ किंवा हिरवट अपोफिलाइट. हिरव्याचे पैसे जास्त पडतात. तो रंग व्हॅनेडियममुळे येतो.

घेताना टोकं बघा. दहापट दाखवणारं साधं भिंग पुरतं. अपोफिलाइट आडवा अगदी सपाट फुटतो आणि फुटलेला भाग मोत्यासारखा चमकतो, त्यामुळे मोड असूनही तो मुद्दाम घडवल्यासारखा सुंदर दिसतो. म्हणून शेजारचे सगळे स्फटिक टोकदार आणि एकाचाच माथा सपाट असेल तर तो तुटलेला समजा. तुटका नमुना घेऊ नये असं नाही, पण पैसे मात्र तुटक्याचेच द्यावेत. घरी आणल्यावर ब्रश आणि साधं पाणी एवढंच. व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल लावू नका आणि नमुना तापवू नका. या स्फटिकांच्या घडणीतच पाणी आहे.

कॅव्हन्साइटची गोष्ट वेगळी. तो निळा रंग एकदा पाहिला की डोळ्यांसमोरून हलत नाही. हे खनिज पहिल्यांदा अमेरिकेत ओरेगनमध्ये सापडलं, पण जगभरच्या संग्राहकांनी ते ओळखलं पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींमुळे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या तिघांवरून त्याचं नाव पडलं. स्फटिकांचे बारीक गोळे किंवा फुलं पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेली असतात. माल मोजका आणि मागणी जगभर, त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या अपोफिलाइटपेक्षा तो बराच महाग पडतो.

लबाडीही इथेच होते. सुटा झालेला निळा गोळा दुसऱ्याच दगडावर चिकटवून विकतात. मी स्वतः फसलोय. एका प्रदर्शनातून घेतलेला तुकडा घरी आणून नेलपॉलिश काढायच्या अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवला. सकाळी गोळा वाटीच्या तळाशी पडलेला आणि दगडावर डिंकाचा पिवळट डाग. तेव्हापासून गोळा जिथे दगडाला टेकतो ती कड भिंगातून फिरवून फिरवून बघतो. तिथे चकचकीत पातळ थर दिसला तर हात मागे घेतो. नमुना लहान असला तरी चालेल, पण निळा गोळा मूळ दगडावरचाच हवा.

ओकेनाइट मला फार प्रिय, तरीही पहिला म्हणून नको. पोकळीत सशाच्या शेपटीसारखे पांढरेशुभ्र गोंडे असतात. ते इतके मऊ दिसतात की हात आपोआप पुढे जातो आणि एकदा अंगठा लागला की तंतू कायमचे चपटे होतात. धूळही निघता निघत नाही. काचेची बंद पेटी असेल आणि घरात लहान मुलं नसतील तरच विचार करा. आणि गुलाबी, निळा, जांभळा ओकेनाइट दिसला तर तो रंगवलेला आहे.

पुढेमागे विकायचा विचार असेल तर तिघांनाही एकच नियम लागू: चिठ्ठी. खनिजाचं नाव, गाव किंवा खाण, कुणाकडून घेतला आणि कधी, हे घेतल्याच दिवशी लिहून नमुन्यासोबत ठेवा. नुसतं ‘भारत’ लिहिलेल्या तुकड्यापेक्षा ‘वाघोली, पुणे’ लिहिलेल्याला जाणकार गिऱ्हाईक जास्त देतं. फेब्रुवारीत अमेरिकेतल्या टूसॉनच्या प्रदर्शनांत आपला माल मोठ्या प्रमाणावर असतो. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी टेबलापाशी सगळ्यात आधी गाव विचारावं. जोडलेला, दुरुस्त केलेला नमुना विकताना तसं स्पष्ट सांगायचं. अपोफिलाइट मऊ कागदात गुंडाळून, खोक्यात हलणार नाही असा बसवून पाठवता येतो. कॅव्हन्साइट तळाशी घट्ट धरायचा आणि वर मोकळी जागा सोडायची. ओकेनाइट मी कुरिअरने पाठवतच नाही, गिऱ्हाइकाला घरी येऊन न्यायला सांगतो.

खाणीवर स्वतः जायचं असेल तर मालकाची परवानगी घ्या आणि सुरुंगाच्या वेळा विचारून घ्या. अजिंठा-वेरूळसारख्या संरक्षित ठिकाणच्या दगडाला हात लावायचा नाही. पैसे खर्च करण्याआधी एकदा सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात दिवस घालवा. अखंड टोक कसं दिसतं ते तिथे एकदा डोळ्यांत बसलं की दुकानात मोडका तुकडा लगेच ओळखू येतो.