नाताळची रहस्यकथा: पॉयरो घ्यावा की होम्स?

डिसेंबरात पांघरुणात शिरून वाचायला रहस्यकथा हवी, पण केक-मेणबत्त्यांचा नुसता गोडमिट्टपणा नको. माणसांच्या जगण्याचं काही त्यात यावं. अशांसाठी माझ्यापुरती दोन नावं उरतात: अगाथा ख्रिस्तीची कादंबरी ‘हर्क्युल पॉयरोज ख्रिसमस’ (१९३८) आणि कॉनन डॉयलची कथा ‘द ब्लू कार्बंकल’ (१८९२). पॉयरो हा ख्रिस्तीचा गुप्तहेर, होम्स डॉयलचा.

ख्रिस्तीची कादंबरी उबदार असेल असं शीर्षकावरून वाटतं. ती तशी नाही. खून हल्ली फारच नाजूक व्हायला लागलेत, अशी बहिणीच्या यजमानांची तक्रार होती, म्हणून बाईंनी मुद्दाम रक्ताचा सडा घातलाय. दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांवर गबर झालेला सिमियन ली नाताळला सगळ्या मुलासुनांना बोलावतो आणि सर्वांदेखत मृत्युपत्र बदलायची भाषा करतो. वाटणीवरून घर कसं तुटतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको! बापाच्या पैशावर अवलंबून असलेले मुलगे, नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाने झिजून गेलेली आई, यादवीतल्या स्पेनमधून आलेली नात... मालमसाला भरपूर. पण हे सगळं शेवटी संशयितांची रांग लावण्यासाठी आहे. कोडं मात्र पक्कं. बंद खोलीतल्या त्या खुनाने मला साफ गंडवलं.

डॉयलच्या कथेत खूनच नाही. रस्त्यात पडलेली एक जुनी हॅट आणि एक हंस (भाजून खायचा, सरस्वतीचा नव्हे), बस्स. त्यावरून होम्सचे तर्क: हॅटवर चरबीच्या मेणबत्तीचे डाग, म्हणजे घरात गॅसचा दिवा नाही. ती बरेच दिवस ब्रशने साफ केलेली नाही, म्हणजे बायकोचं मन उडालंय. मालक हेन्री बेकर हरवलेल्या वस्तूंची जाहिरातही देत नाही, कारण तेवढ्यासाठी शिलिंग घालवणं परवडत नाही. तो हंस त्याला मिळाला गुत्त्यातल्या ‘गूज क्लब’मधून: वर्षभर दर आठवड्याला चार पेन्स-पैसे भरायचे, नाताळला एक पक्षी घ्यायचा. थोडक्यात, दिवाळी फंड. आणि त्या हंसाच्या पोटात निघतं एका सरदारीणबाईंचं चोरीला गेलेलं निळं रत्न (तेच ‘ब्लू कार्बंकल’), ज्याच्या शोधासाठी हजार पौंडांचं बक्षीस लागलंय! चोरीसाठी पोलिसांनी उचललाय कोणाला? बाईंच्या खोलीतल्या शेगडीच्या जाळीला डाख लावायला आलेल्या प्लंबरला. पूर्वी एकदा शिक्षा झालेली, एवढं पुरलं. शेवटी होम्स चोराचं काय करतो ते मी सांगत नाही, पण तुरुंग माणसाला सुधारतो की कायमचा गुन्हेगार करून सोडतो, हा प्रश्न तिथे आहे. नाताळ काढला तर ही गोष्टच उभी राहत नाही. पॉयरोची कादंबरी एखाद्या लग्नघरातही घडली असती.

खरोखरचं पुडिंग, लहान मुलं, बर्फ हवं असेल तर ख्रिस्तीचीच ‘द अ‍ॅडव्हेंचर ऑफ द ख्रिसमस पुडिंग’ (१९६०) आहे. थंडीला घाबरणारा पॉयरो खेड्यातल्या वाड्यावर जायला तयार होतो तो तिथे तेलावर चालणारं हीटिंग आहे हे कळल्यावर. मजेची कथा, पण सामाजिक म्हणावं असं त्यात फारसं हाती लागत नाही.

तेव्हा चार सुट्ट्यांचा ऐवज हवा असेल आणि रक्ताचं वावडं नसेल, तर पॉयरो घ्या. वाचनगटात चर्चेला ठेवायचं असेल तर डॉयल. मूळ इंग्रजी कथा इंटरनेटवर कायदेशीर फुकट मिळते, आणि पाऊण-एक तासात संपते, त्यामुळे ‘वेळच नाही झाला’ ही सबब कोणाला सांगता येणार नाही.