जावातलं फ्लोअरमॉड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जावा या प्रोग्रामिंग भाषेत -७ / २ चं (भागाकाराचं) उत्तर -३ येतं आणि -७ % २ चं (बाकीचं) -१. शाळेतलं सूत्र लावून पाहा: भाजक × भागाकार + बाकी, म्हणजे २ × (-३) + (-१) = -७. जुळतं. मॅथ या गणिताच्या तयार पद्धतींच्या वर्गातली फ्लोअरडिव्ह आणि फ्लोअरमॉड ही जोडी याच प्रश्नाला -४ आणि १ अशी उत्तरं देते, आणि सूत्र तिथेही जुळतं. साधा भागाकार अपूर्णांक शून्याच्या दिशेनं तोडतो, तर फ्लोअरडिव्ह नेहमी खालच्या पूर्णांकाकडे उतरतो. २०१४ साली जावा ८ सोबत ही जोडी आली. तारखा, वेळेचे खण आणि हॅशवरून (मजकुरावरून काढलेल्या आकड्यावरून) होणारी वाटणी असलेल्या कोडमध्ये आठ महिने वापरून झालेलं माझं मत असं: संख्या म्हणजे रेषेवरची किंवा चक्रावरची जागा असेल, तर हीच जोडी हवी. संख्या म्हणजे रक्कम असेल, तर बहुतेक वेळा नको.

जागेचं उदाहरण वाराचं. १ जानेवारी १९७० हा दिवस शून्य धरला तर १ मे १९६० चा क्रमांक -३५३२ येतो. शून्याव्या दिवशी गुरुवार होता, म्हणून सोमवारला ० मानून वार काढायचा तर ३ मिळवून ७ नं भागायचं. -३५२९ % ७ चं उत्तर -१. ते वारांच्या यादीचा निर्देशांक म्हणून वापरलं की प्रोग्राम तिथेच अपवाद फेकून, म्हणजे चूक झाल्याचं कळवून, थांबतो. फ्लोअरमॉड ६ देतं, म्हणजे रविवार, आणि महाराष्ट्र स्थापन झाला तो वार रविवारच होता. १९७० नंतरच्या तारखांवर दोन्ही पद्धती सारख्याच चालतात, त्यामुळे ही चूक चाचणीत दिसत नाही. एखाद्याची जन्मतारीख जुनी निघते तेव्हा दिसते.

अपवाद फेकला गेला तर बरंच म्हणायचं, कारण भागाकाराची चूक गप्प बसते. दहा-दहाचे खण पाडायला साधं / वापरलं, तर -९ पासून ९ पर्यंतच्या १९ संख्या शून्याच्या खणात पडतात. बाकी प्रत्येक खणात १०. आलेख काढला की शून्यापाशी उगाच उंच खांब दिसतो आणि लोक त्याला कारणं शोधत बसतात. मिलिसेकंदांचे सेकंद करतानाही असंच होतं: -९९९ ते ९९९ सगळे शून्यात. भारतीय वेळेनुसार दिवस मोजायचा तर आधी १९८०० सेकंद मिळवा, मग ८६४०० नं फ्लोअरडिव्ह करा. क्रम उलटा केला तर पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदी आदल्या दिवसात जातात.

हॅशकोडवरून वाटणी करताना पुष्कळ ठिकाणी आधी मॅथ.अ‍ॅब्स (ऋण चिन्ह काढून टाकणारी पद्धत) आणि मग % असं लिहिलेलं सापडतं. इंट या ३२ बिटांच्या पूर्णांक प्रकारातली सर्वांत लहान संख्या -२१४७४८३६४८. तिची धन जोडीदार त्या प्रकारात मावत नाही, म्हणून अ‍ॅब्स तीच ऋण संख्या परत देतं. १६ खण असतील तर बाकी ० येते आणि काहीच कळत नाही. १० खण असतील तर -८. असा हॅशकोड कधी येणारच नाही, असं समजू नका: पॉलिजीन लुब्रिकंट्स हे दोन शब्द लहान रोमन अक्षरांत जोडून लिहिले की नेमका तोच येतो. दुसरा प्रचलित उपाय म्हणजे बाकीत भाजक मिळवून पुन्हा % करणं. भाजक मोठा असला की तो कोसळतो: भाजक २ अब्ज आणि भाज्य दीड अब्ज असेल तर मधली बेरीज साडेतीन अब्ज होते, आणि इंटची मर्यादा सव्वादोन अब्जाच्याही आत आहे. फ्लोअरमॉड यातल्या कशालाही बळी पडत नाही.

आता जिथे ही जोडी वापरू नये ते. -१५० पैसे रुपयांत छापायचे आहेत. फ्लोअरडिव्ह -२ देतं, फ्लोअरमॉड ५०, आणि कागदावर -२.५० उमटतं. हिशोब एका रुपयानं चुकला. साध्या / आणि % नं -१ आणि -५० मिळतं, तेही जसंच्या तसं छापता येत नाही. -५० पैशांना तर रुपये ० येतात आणि ऋण चिन्ह हरवतं. इथे चिन्ह बाजूला काढून ठेवा, उरलेल्या धन रकमेचा भागाकार करा आणि शेवटी चिन्ह जोडा.

फ्लोअरमॉडच्या उत्तराचं चिन्ह भाजकाप्रमाणे ठरतं, हेही ध्यानात असू द्या. फ्लोअरमॉडला ७ आणि -२ दिले तर -१ येतं. बिगइंटीजर या कितीही मोठ्या पूर्णांकांच्या वर्गातलं मॉड मात्र कधीच ऋण उत्तर देत नाही. भाजक शून्य किंवा ऋण असला तर ते सरळ अपवाद फेकतं. नावं सारखी वाटतात म्हणून एकाच्या जागी दुसरं घालू नका. विषम संख्या ओळखायला यातलं काहीच लागत नाही: % २ चं उत्तर १ आहे का, असं न विचारता ० नाही ना, असं विचारा.

सर्वांत जास्त डोकेदुखी आवृत्त्यांची. भाज्य लाँग (६४ बिटांचा पूर्णांक) आणि भाजक इंट असलेलं फ्लोअरमॉड जावा ९ मध्ये आलं. नव्या कंपायलरला (कोड चालवण्याजोगा करणाऱ्या साधनाला) कोड कोणत्या आवृत्तीचा आणि कोणत्या आवृत्तीसाठी हे सांगणारे फक्त सोर्स आणि टार्गेट हे पर्याय ८ दिले, तर तो हेच रूप निवडतो, आणि जावा ८ वर चालवताना पद्धत सापडत नाही म्हणून प्रोग्राम पडतो. रिलीज ८ हा पर्याय दिला की अडचण सुटते. वरच्या पूर्णांकाकडे चढणारं, पानांची संख्या काढायला उपयोगी पडणारं सीलडिव्ह जावा १८ पासून, म्हणजे २०२२ पासून आहे. जावा १७ वर असाल तर भाज्याचं चिन्ह बदलून फ्लोअरडिव्ह काढा आणि उत्तराचंही चिन्ह बदला.

एक भोक मात्र उरतंच. सर्वांत लहान संख्येला -१ नं भागलं तर फ्लोअरडिव्हही मुकाट्यानं तीच ऋण संख्या देतं. जावा १८ मधलं फ्लोअरडिव्हएक्झॅक्ट तिथे अपवाद फेकतं. माझ्या चाचण्यांत आता भाज्य म्हणून -१, ०, -७, -८ आणि -२१४७४८३६४८, आणि भाजक म्हणून ७, ८, १० आणि -१ कायम असतात.