नेटमिकोचा दीर्घ अनुभव: स्विचने कमांड नाकारली तरी शेरा ‘यशस्वी’च

भोसरीचा कारखाना आणि बाणेरचे कार्यालय येथील सिस्को स्विचचे पोर्ट पायथन स्क्रिप्टने कॉन्फिगर करण्यासाठी आम्ही नेटमिको ही पायथन लायब्ररी निवडली, ती मुख्यतः खर्चाच्या हिशेबाने. विकतचे सॉफ्टवेअर दर स्विचमागे दरवर्षी लायसन्सचे पैसे मागत होते. वेगाविषयी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती स्विचचा नकार ओळखण्यासाठी असलेल्या एरर पॅटर्नविषयी, आणि ती मला सविस्तर मांडायची आहे.

भोसरीतील जुन्या ३७५० मॉडेलच्या स्विचचे अपलिंक (पुढच्या स्विचला जोडणारे पोर्ट) ट्रंक करायचे होते, म्हणजे एकाच पोर्टवरून अनेक व्हीलॅनची (आभासी, वेगळ्या ठेवलेल्या नेटवर्कची) वाहतूक जाऊ द्यायची होती. स्क्रिप्ट विनातक्रार संपली, अहवालात सर्वांपुढे ‘यशस्वी’ असे उमटले, आणि सकाळच्या पाळीला नव्या व्हीलॅनवरचे बारकोड स्कॅनर सर्व्हरपर्यंत पोहोचेनात. लॉगमध्ये कारण स्पष्ट होते: ‘कमांड रिजेक्टेड’, एन्कॅप्सुलेशन (डेटावर व्हीलॅनची खूण लावण्याची पद्धत) ‘ऑटो’ असलेला इंटरफेस ट्रंक मोडमध्ये जात नाही. ३७५० ला आधी डॉट१क्यू एन्कॅप्सुलेशनची ओळ द्यावी लागते, आणि २९६० मॉडेलला तीच ओळ दिली तर ‘इन्व्हॅलिड इनपुट’ मिळते, कारण तेथे दुसरा पर्यायच नसतो.

‘सेंड कॉन्फिग सेट’ हे नेटमिकोचे फंक्शन एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून ओळी पाठवते, प्रॉम्प्ट परत येण्याची वाट पाहते आणि स्विचचे उत्तर जसेच्या तसे हाती देते. त्या उत्तरात नकार आहे की होकार, हे ते आपणहून तपासत नाही. तपासणीसाठी एरर पॅटर्न हे पॅरामीटर आहे, परंतु ते मुळात रिकामे असते. ज्या साधनावर कारखान्याची पाळी अवलंबून असते, त्यात ही तपासणी आधीपासून चालू असायला हवी, असे माझे ठाम मत आहे. शिवाय पॅटर्नमध्ये केवळ टक्केचिन्ह शोधून भागत नाही, कारण ‘कमांड रिजेक्टेड’ या ओळीच्या आरंभी ते चिन्ह नसते.

या प्रकारानंतर नेपाम या दुसऱ्या पायथन लायब्ररीकडे वळावे असे वाटले होते. त्यातील ‘कंपेअर कॉन्फिग’ बदल लागू होण्याआधीच फरक दाखवते, ही सोय खरोखर उत्तम आहे; मात्र सिस्को स्विचच्या आयओएस प्रणालीसाठी त्याला सहसा स्विचवर एससीपी (फाइल पाठवण्याचा) सर्व्हर चालू लागतो, आणि जुन्या स्विचवर आणखी एक सेवा उघडण्याची माझी तयारी नाही. त्यामुळे ते मत बदलले. आता पॅटर्नमध्ये दोन्ही संदेश घातले आहेत. तरीही नकार येण्यापूर्वी गेलेल्या ओळी रनिंग कॉन्फिगमध्ये (स्विचच्या चालू सेटिंगमध्ये) लागू झालेल्या असतातच, म्हणून स्क्रिप्ट शेवटी ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ वाचते आणि अपेक्षित पोर्ट त्यात दिसले तरच ‘सेव्ह कॉन्फिग’ चालवते.