तीस थाऊचे पिस्टन आणि माझे 24,060 रुपये

20,260 रुपये जुन्या फियाटचे पिस्टन विकतो म्हणणाऱ्या एका ऑनलाइन भामट्याने नेले आणि 3,800 मी माझ्या घाईने घालवले. एकूण 24,060. पूर्ण आकडा लिहितोय, कारण घरी मी अजून वीस हजारच सांगितलेत आणि आता लपवत बसायचा कंटाळा आलाय.

गाडी बाबांची, 1967 ची फियाट 1100 डिलाइट. पाटी अजून गोव्याच्या जुन्या जीडी नंबरचीच आहे. गेल्या पावसाळ्यापासून इतका निळा धूर निघायला लागला की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. फोंड्यातल्या गॅरेजवाल्याने इंजिनाचे 1,10,000 सांगितले. माझ्याकडे होते 45,000. म्हणून पडवीच्या तुळईला चेनब्लॉक (वजन उचलायची साखळीची कप्पी) अडकवून मी आणि माझ्या भाच्याने इंजिन घरीच उतरवलं. हेड (इंजिनाचं वरचं झाकण) काढलं तर तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे, आणि वरच्या अंगाला नखाला अडकेल एवढी कड. नुसत्या रिंगा बदलून भागण्यासारखं नव्हतं. बोअर करायचं, म्हणजे सिलिंडर आतून कापून थोडं मोठं करायचं, आणि त्या मापाचे ओव्हरसाइज पिस्टन घालायचे, दुसरा सोपा मार्ग नाही.

पिस्टन कुठेच मिळेनात. हेच 1089 सीसीचं इंजिन पुढे प्रीमियर पद्मिनीला होतं, पण पद्मिनी बंद होऊनही आता पंचवीसेक वर्षं झाली. म्हापसा, मडगाव, बेळगाव, सगळीकडे फिरलो. एकाकडे स्टँडर्ड साइजचे होते, एकाकडे ओव्हरसाइजचे पण तीनच. आणि अशात ती ऑनलाइन जाहिरात दिसली. कुर्ल्याचं जुनं गोडाऊन रिकामं करतोय, खोक्यातला न वापरलेला माल, तीस थाऊचे (मूळ मापापेक्षा इंचाच्या तीस सहस्रांशाने मोठे) चार पिस्टन, रिंगा, पिना, बेअरिंग सेट, सगळं मिळून 17,900. पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. गोड बोलणं, "दादा, अजून दोन गिऱ्हाइकं विचारतायत", थोडा ॲडव्हान्स. मी 6,500 पाठवले. पैसे पाठवताना स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला बायकोचं खातं. मी मान्य केलं. तुम्ही करू नका. पिन टाकण्याआधी तिथे जे नाव दिसतं, बोलणारा माणूस तोच नसेल तर तिथेच थांबा.

पण मला रात्रभर जागं ठेवतो तो व्हर्निअरचा, म्हणजे बारीक माप घ्यायच्या हत्याराचा फोटो. मीच मागितला होता. पिस्टनच्या स्कर्टवर (खालच्या अंगावर), पिनेच्या काटकोनात व्हर्निअर लावून माप दाखवा म्हटलं. म्हणजे बघा, मला कळत नव्हतं असं नाही. फियाटचा स्टँडर्ड बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 68 मिलिमीटर. तीस थाऊ म्हणजे पाऊण मिलिमीटर. आकडा 68.7 च्या आसपास यायला हवा. फोटोत दिसत होता 73. मी फोटो मोठा करून पाहिला, दोनदा. 73 च. 73 हा ॲम्बेसेडरच्या 1489 सीसी इंजिनाचा बोअर आहे, हेसुद्धा मला ठाऊक होतं. कुणाच्या तरी ॲम्बेसेडरच्या पिस्टनचा फोटो त्याने उचलून पाठवला होता. मी विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "जुनं व्हर्निअर आहे दादा, झीरो सरकलाय." चार मिलिमीटरने झीरो सरकलेलं व्हर्निअर कुणी पाहिलंय? मी पाहिलेलं नाही, वीस वर्षं हत्यारं हाताळतोय. तरी मी "बरं" म्हटलं.

का म्हटलं, तेही सांगतो. बाबा त्या दिवशी दवाखान्यातून घरी आले होते आणि आल्या आल्या त्यांनी विचारलं होतं, चवथीला (गणेशचतुर्थीला) गाडी निघेल ना? रात्रीचे अकरा वाजले होते. डोळ्यांसमोर 73 दिसत होतं आणि मनाला 68 हवं होतं. माझ्या जागी असलेल्या कितीतरी लोकांनी तेच केलं असतं. लोभाने फसलो असं कुणी म्हणू नये. 17,900 हा काही फुकटातला भाव नव्हता.

दुसऱ्या दिवशी उरलेले 11,400 पाठवले. त्याने बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) फोटो पाठवला आणि ट्रान्सपोर्टच्या विम्याचे म्हणून आणखी 2,360 घेतले. तेही दिले.

बिल्टीच्या जोरावर मी ब्लॉक (चारही सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) लेथवर नेला. लेथवाल्या काकांनी हात लावायला नकार दिला. "पयलीं पिस्टन हाड, मागीर बोर." म्हणजे आधी पिस्टन आण, मग बोअर. पिस्टन हातात आल्यावर, मोजून, त्याच मापाला बोअर करायचं असतं, ही या धंद्यातली पहिली गोष्ट. मीच हट्ट धरला, मोबाइलवर बिल्टी दाखवली, चवथीचं सांगितलं. बोअरिंग आणि होनिंगचे (आतून घासून शेवटचा हात देण्याचे) 3,800 दिले. आता ब्लॉक तीस थाऊला गेलाय. बेळगावला स्टँडर्ड पिस्टन मिळत होते, ब्लॉकला स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसणारी नवी नळी) घालून ते तरी बसवता आले असते. आज तेही करायचं तर स्लीव्ह, बसवणं आणि पुन्हा बोअरिंग धरून 9,000 सांगतायत. वर पिस्टनचे वेगळे.

पार्सल आलंच नाही. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात विचारलं तर त्या नंबरची बिल्टी कुणा दुसऱ्याच्या मालाची, मागच्या वर्षीची निघाली. त्याचा फोन बंद.

आणि मग सुरू झाली दारोदार फिरण्याची दुसरी शिक्षा. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, तोही पहिल्या तासाभरात. पैसे पुढे सरकण्याआधी अडवले गेले तरच काही हाती लागतं. मी तीन दिवस पार्सलची वाट पाहत बसलो, तिथेच संपलं. बँकेत गेलो तर शाखेतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. हो, मीच टाकला! पण ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कुणीतरी कागदपत्रं बघून उघडलं असेलच ना? त्याचं उत्तर नाही. पोलीस ठाण्यात म्हणाले, हा दिवाणी व्यवहार, माल आला नाही एवढंच. मी बिल्टी खोटी असल्याचं दाखवलं तेव्हा म्हणाले, मग सायबरला जा. तिथे गेलो, दीड तास बाकावर बसलो, तर म्हणे रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच द्या. परत ठाण्यात. तिथे म्हणाले, आरोपी मुंबईचा, तिकडे तक्रार करा. कुठल्या कायद्याने? 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. मी हे कागदावर छापून नेलं. समोरच्याने कागद वाचलासुद्धा नाही, उलट विचारलं, "एवढी जुनी गाडी ठेवताच कशाला? भंगारात घाला." चार फेऱ्या, चार दिवसांची रजा, आणि हातात फक्त ऑनलाइन तक्रारीचा एक नंबर. ज्या बाबांनी त्या गाडीतून अर्ध्या गावाला रात्री-अपरात्री दवाखान्यात पोहोचवलं, त्यांच्या गाडीला हा माणूस भंगार म्हणतो.

तोंडी सांगून गप्प बसू नका. अर्ज लेखी द्या, पोच शिक्क्यासह घ्या. पहिल्या दोन फेऱ्यांत मी घेतली नाही आणि नंतर "तुम्ही आलाच नव्हतात" हे ऐकून घ्यावं लागलं. जाहिरात आणि चॅट गायब होण्याआधी स्क्रीनशॉट काढा. व्हिडिओ कॉलवर माल दाखवायला सांगा, आणि आजची तारीख कागदावर लिहून त्या मालाशेजारी ठेवायला सांगा. टाळाटाळ झाली तर फोन ठेवा.

पडवीत ब्लॉक ताडपत्रीखाली आहे. इथल्या हवेत नवं होनिंग दोन दिवसांत तांबेरतं, म्हणून रोज संध्याकाळी चारही बोअरना तेलाचा हात फिरवतो. बाबा खुर्चीत बसून बघतात, विचारत काही नाहीत. कुणाकडे 68 च्या बोअरचा तीस थाऊचा, चार पिस्टनचा पूर्ण संच असेल तर सांगा. गोवा, बेळगाव, कोल्हापूर, कुठेही असो, मी स्वतः मायक्रोमीटर घेऊन येईन आणि पैसे तिथेच रोख देईन.