आईबाबांना सिडनी दाखवायचंय? मॅनलीची फेरी पकडा

आईबाबा येणार म्हटलं की इथे जो तो हार्बर क्रूझ सुचवतो. त्या जेवणासकटच्या बोटींचे दर पाहिले आणि मी सरळ सर्क्युलर की या धक्क्यावरून एफ१ मार्गाची साधी सार्वजनिक फेरीबोट धरली. मॅनली या समुद्रकाठच्या उपनगरापर्यंत अर्धा तास.

बाबा अलिबागचे. भाऊचा धक्का ते रेवस लाँचमध्ये उमर गेली, त्यामुळे बोटीच्या बाबतीत ते कुणाचं कौतुक सहजासहजी करत नाहीत. इथली चढायची फळी रुंद, कठड्याची. आईचे गुडघे दुखतात, तरी तिला कुणाचा हात धरावा लागला नाही. रेवसला ओहोटीच्या वेळी उतरलेल्यांना याची किंमत कळेल.

जाताना उजव्या अंगाला, बाहेरच्या बाकावर बसा. ऑपेरा हाउस तिकडेच येतं, मग फोर्ट डेनिसन हा बेटावरचा छोटा किल्ला. हार्बर ब्रिज हा पूल मागे राहतो. माहिती सांगणारं कुणी नसतं, तेव्हा तयारी करून जा. पूल १९३२चा आहे म्हटल्यावर बाबांनी रंगरंगोटीचा खर्च कोण करतं ते विचारलं.

खरी मजा बंदराच्या तोंडाशी, नॉर्थ हेड आणि साउथ हेड या दोन कड्यांच्या मध्ये. तिथे खुल्या समुद्राची लाट आत येते आणि बोट डोलायला लागते. आईने डोळे मिटून रामरक्षा सुरू केली, बाबा म्हणाले, "आता कुठे बोटीत बसल्यासारखं वाटतंय." ज्यांना बोट लागते त्यांनी रिकाम्या पोटी बसू नये. समुद्र फारच खवळला तर फेऱ्या रद्द होतात, निघायच्या आधी फोनवर बघून घ्या.

जुनी हिरवी-पिवळी फ्रेशवॉटर जातीची मोठी बोट मिळाली तर तीच घ्या. तिला दोन्ही टोकांना सुकाणूची केबिन आहे, त्यामुळे वळवायची भानगड नाही. बाबांना एवढी एकच गोष्ट पूर्णपणे पटली.

पैशांचं म्हणाल तर प्रत्येकाला वेगळं ओपल कार्ड (इथलं प्रवासभाड्याचं कार्ड) किंवा कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड लागतं. भारतातून आलेल्या ज्येष्ठांना सवलत नाही. पंचाहत्तरी ओलांडल्यापासून बाबा एसटीने फुकट फिरतात आणि आईला अर्धं तिकीट, त्यामुळे दोघांच्याही मनाला हे लागलं. शुक्रवार, शनिवार, रविवारी दिवसभराच्या भाड्याची कमाल मर्यादा इतर दिवसांच्या निम्मी असते, तेव्हाच जा. रविवारी गर्दी मात्र फार.

मॅनलीला उतरलात की कॉर्सो या पादचारी रस्त्यावरून सरळ चालत समुद्रावर. चिप्स उघड्यावर खाऊ नका, सीगल हातातून नेतात. आम्ही घरून दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती. तिच्याकडे एकही पक्षी फिरकला नाही.

जून-जुलैत येणार असतील तर इथे तेव्हा हिवाळा, डेकवर वारा बोचतो. कानटोप्या जास्तीच्या ठेवा, माझी बाबांनी पळवली.