फोर्टमधला रविवारचा स्केचिंग वर्ग: सोबत स्टूल न्या

मुंबईच्या फोर्ट भागात रस्त्यावर बसून हाताने शहर काढायला शिकवणारा चार रविवारांचा वर्ग आहे. फी अडीच हजार, वेळ सकाळी सात ते दहा. पट्टी आणायची नाही, ही अट. माझी चित्रकला इंटरमिजिएटच्या परीक्षेपर्यंतच. घनभूमितीतले ठोकळे तेव्हा काढले होते, पण त्यांचा डी. एन. रोडवरच्या इमारतींशी काही संबंध आहे असं कोणी सांगितलं नव्हतं.

पहिला रविवार एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर. इमारतीचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळी तिथे सावली असते. सरांनी आधी सगळ्यांना खाली रस्त्यावर उभं केलं आणि डोळ्यांच्या उंचीची आडवी रेघ मारायला लावली. ‘ताई, खांब नंतर. आधी तुमचा डोळा कुठे आहे ते कागदावर सांगा.’ समोरून येणारी माणसं जवळची असोत की लांबची, साधारण आपल्या उंचीची असली की सगळ्यांची डोकी त्याच रेघेवर येतात. लांबच्या माणसांचे वर सरकतात ते पाय. मग तीसेक पायऱ्या चढून तेच दृश्य वरून. आता रेघ समोरच्या इमारतींच्या पहिल्या मजल्याला टेकली आणि रस्त्यावरची माणसं तिच्या पुष्कळ खाली गेली. हे पुस्तकातल्या आकृतीतून मला कधीच पटलं नसतं. पूर्ण फी इथेच वसूल झाली म्हणायला हरकत नाही.

हॉर्निमन सर्कलच्या गोलाकार इमारतींनी मात्र घाम काढला. सरळ रस्त्याच्या रेघा एका बिंदूकडे धावतात, इथे भिंतच वळते. म्हणून प्रत्येक कमानीचा बिंदू वेगळा, पण सगळे त्या एकाच आडव्या रेघेवर सरकत जाणारे. हे कळल्यावर कागदावरची भिंत खरंच वळायला लागते.

डी. एन. रोडच्या कमानीखालच्या फुटपाथवर खांबांचं अंतर काढायची युक्ती शिकवली. पहिल्या खांबाच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या मध्यातून तिरकी रेघ खाली आणली की ती जमिनीला टेकते तिथे तिसरा खांब. मोजमाप नाही, अंदाजही नाही. कमानींवर मात्र सर घाईत होते. तिरक्या बाजूने दिसणाऱ्या कमानीचं टोक कागदावर बरोबर मध्ये येत नाही, पलीकडच्या खांबाकडे सरकतं, हे त्यांनी जाता जाता सांगितलं आणि पुढे निघाले. निम्मा फोर्ट कमानींचा आहे, तिथे एक अख्खा रविवार हवा होता.

शेवटी महापालिकेची इमारत, 1893 सालची. समोरचं सीएसएमटी स्टेशनही त्याच वास्तुविशारदाचं, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं, 1888 मध्ये पूर्ण झालेलं. इमारत दोन रस्त्यांच्या बेचक्यात असल्यामुळे दोन्ही बाजूंचे बिंदू कागदाच्या बाहेर पडतात. मग हात ताठ करून पेन्सिल कंगोऱ्याला लावायची आणि तिचा कल घड्याळाच्या काट्यासारखा वाचायचा: ‘हा दोनला दहा कमी.’ ऐकायला विनोदी वाटतं, पण कागदावर उतरतं. घुमटाचं बारीक नक्षीकाम काढायची परवानगी आधीच्या सगळ्या रेघा बसल्यावरच. माझा घुमट शेवटपर्यंत बोडकाच राहिला.

तक्रारी आहेत. एका तुकडीत वीस जण म्हणजे फार. सर शेवटच्या माणसापर्यंत येईतो ऊन डोक्यावर. फीबरोबर वेगळे सहाशे घेऊन वही-पेनांचा संच देतात, तो घेऊ नका. वहीचा कागद पातळ आहे, ०.३ च्या पेनाची शाई मागे उमटते. दुकानातून जाड कागदाची ए-फोर वही, टूबी पेन्सिल आणि ०.१ चं पेन घेतलं की भागतं. खोडरबर सर वापरू देत नाहीत, चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी मारायची. सुरुवातीला याचा राग येतो.

ज्यांना घरी लावायला सुंदर चित्र हवंय त्यांनी जाऊ नये, रंगाला इथे हातही लावत नाहीत. दहावी-बारावीनंतर आर्किटेक्चरचा विचार करणाऱ्या मुलांना जरूर पाठवा. गुडघे दुखत असतील तर घडीचं स्टूल न्या, आणि मध्य रेल्वेवाल्यांनी परतताना मेगाब्लॉक धरूनच चला. पुढची तुकडी पावसाळ्यानंतर आहे. मी पुन्हा नाव दिलंय, कमानींसाठी.